सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा डेटा कसा सांभाळायचा? झोटेरो, रय्यान की साधं एक्सेल?

रानजाई

नमस्कार. मी विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात पीएसएमची (सामाजिक वैद्यकशास्त्राची) दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट आहे. थिसिससोबत एक सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास पद्धतशीर शोधून केलेला आढावा, हाती घेतलाय. विषय असा: बाळंतपणानंतर आशा किंवा गावातल्या आरोग्यसेविकेने घरी येऊन बाळाला पाहिलं तर नवजात बालमृत्यू कमी होतात का? फक्त दक्षिण आशियातले अभ्यास घेतोय. टीममध्ये मी, माझी बॅचमेट आणि गाइड मॅडम.

पबमेड, एम्बेस, कोक्रेन सेंट्रल हे वैद्यकीय डेटाबेस आणि सीटीआरआय ही भारतातल्या ट्रायलची नोंदवही, एवढं शोधून झालंय. मिळून साडेतीन हजारांच्या आसपास रेकॉर्ड आहेत. काही माझ्या झोटेरोत (संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर), काही बॅचमेटच्या रय्यानवर (लेख निवडायची वेबसाइट), आणि मॅडमना एक्सेल सोयीचं म्हणून ड्राइव्हवर एक शीट. प्रिझ्माच्या आकृतीसाठी (किती लेख सापडले, किती गळले, किती उरले हे दाखवणारी) आकडे काढायला बसलो की तीन ठिकाणी तीन आकडे येतात. डुप्लिकेट नेमके किती निघाले हेच जुळत नाही.

दुसरी अडचण गडचिरोलीची. 'सर्च' या तिथल्या संस्थेचे इतके लेख सापडलेत की प्रत्येक लेख वेगळा अभ्यास धरायचा की सगळे मिळून एक, यावर आमचं एकमत होत नाहीये.

आणि एका सीनियरने सांगितलं की आता स्क्रीनिंग (लेख घ्यायचा की टाकायचा हे पाहणं) एआय करतं, तुम्ही कशाला डोळे फोडताय. खरंच तसं करावं का? रिव्ह्यूसाठीचं कोव्हिडन्स सॉफ्टवेअर विकत घ्यावं का? कुणी हे काम पूर्ण तडीस नेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

सह्यकडा

कॉलेजने घेतलेलं असेल तर कोव्हिडन्स वापरा, सगळं एका ठिकाणी होतं आणि प्रिझ्माची आकृतीही तयार मिळते. स्वतःच्या स्टायपेंडमधून पैसे घालू नका. तिघांच्या टीमला झोटेरो, रय्यान आणि एक नीट आखलेली शीट पुरते.

पोथीघर

रानजाई, मी एका मेडिकल कॉलेजची ग्रंथपाल. रिव्ह्यू करणारी रेसिडेंट मुलं-मुली दरवर्षी माझ्या टेबलापाशी येतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचाच असतो. मी त्यांना जे सांगते तेच तुला सांगते: आधी दाखल क्रमांक, मग सॉफ्टवेअर.

ग्रंथालयात पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत त्याला एक क्रमांक पडतो. पुढे ते पुस्तक हरवलं, वाळवीने खाल्लं, बाद केलं, तरी तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही. नोंदीपुढे शेरा लिहायचा, ओळ खोडायची नाही. तुमचे तीन आकडे जुळत नाहीत कारण तुमच्या रेकॉर्डना असा क्रमांक नाही. झोटेरोतला लेख आणि रय्यानवरचा लेख एकच आहे हे फक्त शीर्षक वाचून कळतंय, आणि साडेतीन हजार शीर्षकं कुणाच्या लक्षात राहणार?

आता मागे जाऊन काय करता येईल ते सांगते. चारही ठिकाणांहून उतरवलेल्या मूळ फाइल्स शोध. त्या एका फोल्डरमध्ये ठेव, त्याला 'मूळ' नाव दे, आणि त्यांना पुन्हा कुणीही हात लावायचा नाही. फाइलच्या नावात डेटाबेस, शोधाची तारीख आणि रेकॉर्डची संख्या हवी. शेजारीच एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये त्या डेटाबेसवर टाकलेला पूर्ण शोध, कंस आणि फिल्टरसकट, जसाच्या तसा उतरवून ठेव. 'आम्ही पबमेड शोधलं' एवढं आता कुठलंही बरं जर्नल स्वीकारत नाही. शोध कसा नोंदवायचा याची प्रिझ्मा-एस नावाची वेगळी यादी २०२१ साली आली आहे, ती छापून समोर ठेव. मूळ फाइल सापडत नसेल तर तो शोध आज पुन्हा चालव आणि आजची तारीख लाव. असंही प्रकाशनाच्या आधीच्या वर्षभरातला शोध अपेक्षित असतोच, तेव्हा ते कष्ट वाया जात नाहीत.

मग झोटेरो. नवीन, रिकामी लायब्ररी घे. प्रत्येक डेटाबेसचं वेगळं कलेक्शन कर, आणि डुप्लिकेट काढण्याआधी त्या कलेक्शनमधल्या सगळ्या नोंदींना एकगठ्ठा टॅग लाव: पबमेड, एम्बेस, सेंट्रल, सीटीआरआय. झोटेरो दोन प्रती एकत्र करतं तेव्हा दोन्हींचे टॅग शिल्लक राहतात. त्यामुळे हा लेख कुठून कुठून आला होता हे कायम दिसत राहतं. टॅग न लावता प्रती जोडल्या की ती माहिती परत मिळवणं फार जिकिरीचं होतं.

सीटीआरआयच्या नोंदी हातानेच भराव्या लागतील. प्रत्येक नोंदीचा सीटीआरआय क्रमांक मात्र चुकवू नकोस. त्यात वर्ष आणि महिना असतो आणि पुढे छापील लेखाशी ती नोंद जोडायला तोच उपयोगी पडतो. लक्षात घे, सीटीआरआय सुरू झालं २००७ मध्ये आणि भारतातल्या ट्रायलना नोंदणी सक्तीची झाली जून २००९ पासून. त्याआधीचे अभ्यास तिथे नसले तर नवल नाही, आणि तुझ्या विषयातले महत्त्वाचे बरेच अभ्यास त्याआधीचेच आहेत.

डुप्लिकेट काढताना घाई नको. एम्बेसमध्ये मेडलाइनचे (पबमेडचा मुख्य साठा) लेखही असतात, त्यामुळे डुप्लिकेट भरपूर निघणार. एका ठिकाणी लेखकाचं आडनाव आणि आद्याक्षरं, दुसरीकडे पूर्ण नाव. एकीकडे 'लॅन्सेट', दुसरीकडे 'द लॅन्सेट'. हे सोपे. खरा धोका उलट बाजूने आहे. जर्नल ऑफ पेरिनॅटॉलॉजीने २००५ मध्ये गडचिरोलीच्या अभ्यासावर आख्खी पुरवणी काढली होती. तेच लेखक, तेच जर्नल, तेच वर्ष, आणि शीर्षकात पुन्हा पुन्हा गडचिरोली आणि घरोघरची नवजात काळजी. पण एक लेख मृत्यूदरावर, एक जंतुसंसर्गावर, एक जन्मतः गुदमरलेल्या बाळांवर, एक कमी वजनाच्या बाळांवर. आपोआप डुप्लिकेट काढणारं साधन ढिलं लावलं तर यातला एखादा लेख गुपचूप गळेल. म्हणून डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) किंवा पबमेड क्रमांक तंतोतंत जुळला तरच डोळे मिटून जोडायचं. बाकी प्रत्येक जोडी डोळ्यांनी पाहायची.

क्रमांक कधी द्यायचा? तत्त्वाने पाहिलं तर डुप्लिकेट काढण्याआधीच, म्हणजे बाद प्रतीलाही स्वतःचा क्रमांक राहतो. झोटेरोत ते जड जातं. मूळ फाइल्स शाबूत असतील तर डुप्लिकेट काढल्यावर दिला तरी मी चालवून घेते. झोटेरोतून सीएसव्ही (साधी तक्त्याची फाइल) काढ, पहिल्या रकान्यात ०००१ पासून क्रमांक घाल, आणि तोच क्रमांक शीर्षकाच्या सुरुवातीलाही चिकटव. दिसायला ओबडधोबड आहे, पण शीर्षक हा एकच रकाना असा आहे की जो कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये टाकला तरी जसाच्या तसा बाहेर येतो. ही फाइल रय्यानवर चढव. आधीचा रय्यानवरचा प्रकल्प बंद कर. जे निर्णय झालेत ते नव्या क्रमांकांपुढे एकदाच उतरवून घ्या.

रय्यानमध्ये ब्लाइंड चालू आहे ना, ते आज तपास. तुझा निर्णय बॅचमेटला दिसत असेल तर दोघींनी वेगवेगळं स्क्रीनिंग केलं असं लिहिता येणार नाही. सुरुवातीला थोडे रेकॉर्ड दोघींनी पाहा, मतभेद मोजा, निकष कुठे धूसर आहेत ते मॅडमसोबत बसून ठरवा, मगच पुढे चला. टप्पा संपला की फाइल उतरवून तारीख घालून ठेवायची. त्या फाइलमध्ये निर्णय नोट्सच्या रकान्यात बाकी मजकुरात गुंतलेले येतात. ते वेगळ्या रकान्यात काढून घे. वेबसाइटवरच्या खात्याला कायमचं कपाट समजू नये. फुकट खात्यात काय मिळतं हे कंपन्या बदलत असतात.

आता गडचिरोली. तू विचारलेल्या प्रश्नांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो.

रिव्ह्यूत मोजायचा असतो अभ्यास, लेख नव्हे. २०२० च्या प्रिझ्माच्या आकृतीत शेवटच्या चौकटीत दोन वेगळे आकडे मागतात: समाविष्ट अभ्यास किती आणि त्यांचे अहवाल किती. गडचिरोलीची फील्ड ट्रायल हा एक अभ्यास आहे. ३९ गावांत सेवा, ४७ गावं तुलनेला. त्याचा मुख्य लेख लॅन्सेटमध्ये डिसेंबर १९९९ ला आला, मग २००५ ची पुरवणी आली. हे सगळे त्या एका अभ्यासाचे अहवाल. वेगवेगळे अभ्यास म्हणून धरलेस तर तीच बाळं मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये (सगळ्या अभ्यासांच्या आकड्यांचं एकत्रित गणित) दोनदोनदा, तीनतीनदा मोजली जातील.

म्हणून दोन शीट कर. पहिली अहवालांची: एका ओळीत एक लेख, तोच दाखल क्रमांक, आणि एक रकाना 'अभ्यास क्रमांक'. दुसरी अभ्यासांची: एका ओळीत एक अभ्यास. गडचिरोली समज अ-०३. मग पहिल्या शीटमध्ये त्या सगळ्या लेखांपुढे अ-०३ येईल. एवढं केलंस की एक्सेलसुद्धा भक्कम काम देतं, आणि हे न करता कोव्हिडन्स घेतलंस तरी गोंधळ तोच.

एकाच अभ्यासाच्या लेखांत आकडे वेगळे दिसतील, त्याने गांगरू नकोस. १९९९ च्या लेखात १९९८ पर्यंतचा काळ आहे, २००५ मधल्या मृत्यूदराच्या लेखात १९९३ ते २००३. दोन्ही बरोबर. कुठल्या मुदतीचा आकडा घ्यायचा ते आकडे पाहण्याआधी ठरवून प्रोटोकॉलमध्ये लिही, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कुठल्या लेखाच्या कुठल्या पानावरून, कुठल्या तक्त्यातून घेतला ते नोंदव. माझ्या टेबलाशी येणाऱ्यांकडे मी सगळ्यात आधी तो पान क्रमांकाचा रकाना पाहते.

एक्सेलबद्दल एक सावधगिरी. बाळाचं वय दिवसांत '५-१०' लिहिलंस की ते त्याची तारीख करून टाकतं आणि मागची माहिती गेलीच. जनुकांच्या नावांचं असंच होत होतं. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने काही नावंच बदलली, सेप्ट-१ चं सेप्टिन-१ केलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडच्या जवळपास सोळा हजार रुग्णांच्या नोंदी आकडेवारीतून काही दिवस गळल्या, कारण मध्ये कुठेतरी जुन्या एक्सएलएस प्रकारची फाइल होती आणि तिच्यात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. तुझ्या शीटला ओळींची भीती नाही, तारखांची आहे. भरायला सुरुवात करण्याआधी सगळे रकाने टेक्स्ट करून ठेव. किमान आणि कमाल वेगळ्या रकान्यांत. एका चौकोनात एकच गोष्ट. आणि रिकामा चौकोन कधीही सोडू नकोस: लेखात दिलेलं नाही, लागू नाही, अजून पाहिलेलं नाही आणि शून्य, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. नवजात मृत्यू शून्य आणि नवजात मृत्यूंची नोंदच नाही, यात किती फरक आहे हे तुला मी सांगायला नको.

चलराशी

पोथीघर ताईंनी डेटाची बाजू पूर्ण सांगितली. मी बायोस्टॅटिस्टिक्सवाला आहे, तेव्हा शीटमध्ये कुठले रकाने असलेच पाहिजेत एवढं सांगतो. ते आत्ता नाही केले तर प्रत्येक लेख पुन्हा उघडावा लागतो.

तुमच्या विषयातले बहुतेक अभ्यास क्लस्टरचे आहेत, म्हणजे वाटणी एकेका बाळाची नव्हे, तर गावांच्या किंवा केंद्रांच्या गटांची. बांगलादेशातल्या सिल्हेटचा प्रोजन्मो २४ क्लस्टर, पाकिस्तानातल्या सिंधमधला हाला १६, हरियाणातला आयएमएनसीआयचा (नवजात आणि बालआजारांच्या एकात्मिक उपचारांचा) अभ्यास १८ प्राथमिक आरोग्य केंद्रं. हरियाणात साठ हजारांवर जन्म आहेत, पण वाटणी झाली ती १८ केंद्रांची. एका केंद्राखालच्या बाळांचं नशीब बरंचसं एकसारखं असतं. मृत्यू आणि जन्म यांचे कच्चे आकडे घेऊन थेट रिस्क रेशो (दोन गटांतल्या धोक्यांचं गुणोत्तर) काढलात तर कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो) खोटा अरुंद येईल आणि तो अभ्यास मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये नको तेवढा भारी पडेल.

म्हणून लेखकांनी क्लस्टर लक्षात घेऊन दिलेला आकडा आणि त्याचा ९५ टक्के इंटरव्हल, दोन्ही उतरवा. हरियाणाच्या लेखात (बीएमजे, २०१२) नवजात मृत्यूंसाठी हॅझर्ड रेशो (काळ धरून काढलेलं धोक्याचं गुणोत्तर) ०.९१ आणि इंटरव्हल ०.८० ते १.०३ आहे. दोन्ही टोकांचा नैसर्गिक लॉग घ्या, वजाबाकी करा, ३.९२ ने भागा. स्टँडर्ड एरर ०.०६४ च्या थोडी वर येते. हॅझर्ड रेशोचा लॉग आणि ही स्टँडर्ड एरर, एवढंच आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधल्या मेटाफॉर पॅकेजला हवं असतं.

एखाद्या लेखात असा आकडा नसेल तर कच्चे आकडे, क्लस्टरची संख्या आणि आयसीसी (एका क्लस्टरमधली बाळं किती एकसारखी ते सांगणारा आकडा) उतरवा. डिझाइन इफेक्ट म्हणजे १ अधिक (क्लस्टरचा सरासरी आकार वजा १) गुणिले आयसीसी. समजा क्लस्टरमध्ये सरासरी ५० जन्म आणि आयसीसी ०.०२, तर तो १.९८ येतो. म्हणजे २,००० जन्मांचा अभ्यास प्रत्यक्षात हजाराच्या आसपास जन्मांइतकंच बळ देतो.

परिणामाचं माप कुठलं (रिस्क रेशो, ऑड्स रेशो की हॅझर्ड रेशो) याला स्वतंत्र रकाना. गावांची वाटणी यादृच्छिक होती का, यालाही स्वतंत्र रकाना. गडचिरोलीत ती यादृच्छिक नव्हती. त्याचं बायस (निकाल एका बाजूला झुकण्याचा धोका) तपासायला रॉबिन्स-आय हे साधन लागेल, इतरांना रॉब-२ ची क्लस्टरसाठीची आवृत्ती. मी दोन्ही प्रकार वेगळे दाखवले असते. गडचिरोलीचं महत्त्व त्याने कमी होत नाही, पुढचे बरेच अभ्यास त्या कामामुळेच उभे राहिले. पण एकाच बेरजेत घालणं मला पटत नाही.

रानजाई

ताई, सर, मनापासून आभार. मूळ फाइल्स सापडल्या, फक्त एम्बेसचा शोध पुन्हा चालवावा लागेल. रय्यानमध्ये ब्लाइंड बंद होतं, ते चालू केलं. मॅडमना 'अभ्यास आणि अहवाल' दाखवलं, त्यांना लगेच पटलं.

दोन गोष्टी राहिल्या. एआयचं काय करू? आणि काही जुने लेख पूर्ण मिळतच नाहीयेत, ते सरळ वगळले तर चालेल का?

पोथीघर

वगळायचे नाहीत. न मिळालेल्या अहवालांची आकृतीत वेगळी चौकट आहे, ते तिथे जातात, निकषात न बसलेल्यांत नाही. पण तिथे टाकण्याआधी धडपड हवी. तुझं कॉलेज सरकारी आहे, तेव्हा तुमच्या ग्रंथपालांना 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'बद्दल विचार. जानेवारी २०२५ पासून सरकारी संस्थांसाठी ते सुरू झालंय आणि त्यात जवळपास तेरा हजार जर्नल्स आहेत. तिथे नसेल तर डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्यातून दुसऱ्या ग्रंथालयाकडे मागणी नोंदवता येते. तेही नाही जमलं तर लेखकांना दोन ओळींचं पत्र लिही. कुठे, कधी मागितलं ते त्या दाखल क्रमांकापुढे टिपून ठेव. पीडीएफच्या नावाचीही सुरुवात त्याच क्रमांकाने कर.

एआयबद्दल माझं मत स्पष्ट आहे. एएसरिव्ह्यू नावाचं साधन आहे, उत्रेख्त विद्यापीठातलं, मोफत आणि ओपन सोर्स, आपल्याच संगणकावर चालतं. तुम्ही घेतलेल्या आणि टाकलेल्या लेखांवरून ते शिकतं आणि कामाचे वाटणारे लेख वर आणतं. ढीग वीस-तीस हजारांचा असता तर मी स्वतः ते वापरायला सांगितलं असतं. पण कुठे थांबायचं हा प्रश्न तिथे उरतोच, आणि तुमचा ढीग डुप्लिकेट गेल्यावर दोघींच्या आवाक्यातला आहे. तुम्ही शिकाऊ आहात. हजारो अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचताना या विषयाची जी जाण येईल ती मला फार मोलाची वाटते. हवं तर क्रम लावण्यापुरतं वापरा, आणि तसं लेखात लिहा.

चॅटबॉटला पीडीएफ देऊन आकडे काढणं मात्र नको. निदान त्यावर भिस्त ठेवून नको. हे नवजात बाळांच्या मृत्यूंचे आकडे आहेत, त्यावरून उद्या कुणीतरी आशांच्या भेटी किती ठेवायच्या ते ठरवेल. दोन माणसांनी स्वतंत्रपणे काढावेत, जुळवावेत, जुळले नाहीत तर लेख पुन्हा उघडावा.

राहता राहिलं एक. लेख पाठवण्याआधी समाविष्ट सगळे लेख झोटेरोत पुन्हा एकदा बघ. मागे घेतलेला लेख असला तर ते लाल पट्टी दाखवतं, रिट्रॅक्शन वॉचच्या यादीवरून. कोविडवर आयव्हरमेक्टिन द्यायच्या बाबतीत जुलै २०२१ मध्ये एक प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच प्रसिद्ध केलेला लेख) मागे घेतला गेला आणि त्यावर टेकलेल्या मेटा-अ‍ॅनालिसिसचे निष्कर्ष डळमळले. ज्यांच्याकडे अभ्यासवार नीट शीट होती त्यांना एक ओळ बाजूला काढून गणित पुन्हा चालवता येतं. अशी ओळही खोडू नकोस, शेरा लिही.

एम्बेसचा शोध चालवलास की फाइलच्या नावात नवी तारीख घाल, आणि जुनी फाइल सापडली तर तीही 'मूळ'मध्येच राहू दे.